मन लागंना गेलंय

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवसाहेबांनी मला विषय दिला : 'प्रेरणेचा अभाव, कारणे आणि उपाय'. मी विचारलं, हा विषय मलाच का? ते म्हणाले, "सर, तुम्ही एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. पोरांना अभ्यासाला कसं लावायचं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?" मी हो म्हणालो. पण घरी गेल्यावर झोप आली नाही. कारण खरी गोष्ट अशी आहे की, या विषयात मी एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं. ते कसं, तेच आज सांगणार आहे.

आधी आपल्या सोसायटीपासूनच सुरुवात करू. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दहाची वेळ असते. साडेदहाला पाच जण असतात. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासानं तेच पाच जण, अधिक चहावाला, असे बसून ठराव मंजूर करतात. दरवर्षी आपण म्हणतो, लोकांना उत्साहच राहिला नाही. आणि हे म्हणणारे सगळे एरवी उत्साही! मुलीच्या लग्नात रात्री दोनपर्यंत खुर्च्या उचलणारा माणूस सभेला येत नाही. म्हणजे उत्साह माणसात असतो किंवा नसतो, असं साधं हे गणित नाही. एकाच माणसाला एका कामात तो असतो, दुसऱ्यात नसतो. असं का होतं, इथून विचार सुरू करायला हवा.

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा. आळस, कंटाळा, मरगळ, निरुत्साह, जिवावर येणं, हातपाय गळणं, अवसान जाणं. जुन्या माणसांनी एवढे शब्द उगाच केले नाहीत. कंटाळा वेगळा, हातपाय गळणं वेगळं. कंटाळलेल्या माणसाला दुसरं काम दिलं की तो उठतो. हातपाय गळालेल्या माणसाला त्याचं आवडतं कामही करवत नाही. मी मात्र वर्गात एकच शब्द वापरायचो. आळशी.

आता जे सांगणार आहे ते माझ्या मुलाची परवानगी घेऊन सांगतोय. तो म्हणाला, "बाबा, सांगा. पण रडू नका."

२०१८ साली तो बारावी झाला. लातूर शहरात बारावी होणं म्हणजे काय ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. 'लातूर पॅटर्न'चं नाव महाराष्ट्रभर झालं. त्यात जादू नव्हती. ठरलेलं वेळापत्रक, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, चुकलेलं पुन्हा सोडवणं, एवढंच. मी स्वतः त्या पद्धतीत घडलेला शिक्षक. नीटला मुलाचे मार्क कमी पडले, तेव्हा मी त्याला विचारलंसुद्धा नाही. एक वर्ष रिपीट करायचं ठरवून टाकलं, फी भरून टाकली. आपल्याकडे, आणि नांदेडलाही, 'रिपीटर' हा शब्द आता जात-गोत सांगावं तसा सांगितला जातो. "तुमचा कोण?" "रिपीटर."

जून ते दिवाळी बरं चाललं. दिवाळीनंतर पोरगं अंथरुणातून उठेना. क्लासला जायचं म्हणून निघायचं आणि बस स्टँडवर बसून परत यायचं. पुस्तक समोर उघडं, पान तेच. क्रिकेटचं त्याला वेड, पण मॅच लावली तरी बघायचा नाही. जेवायला चार हाका. मी विचारायचो, "काय करलालास रे दिवसभर?" तो म्हणायचा, "बाबा, मन लागंना गेलंय." मी म्हणायचो, "मन लागायला काय झालंय? आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास केला आम्ही." एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणालो, हा आळशी आहे, याला खायला मिळतंय आयतं म्हणून असं करलालाय.

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. रात्री पावणेदोनला दाराची बेल वाजली. आपले तेव्हाचे वॉचमनमामा दारात उभे. हळू आवाजात म्हणाले, "सर, आवाज करू नका. पोरगं गच्चीवर बसलंय. मी अर्धा तास त्याच्यापाशी बसलो होतो. आता तुम्ही या." मी चप्पल न घालता पळालो. तो पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. मामांची घोंगडी त्याच्या अंगावर होती. मी काही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, "बाबा, मला काही नको वाटायलंय. काहीच नको."

त्या रात्री मामा गच्चीला कुलूप लावायला गेले नसते तर काय झालं असतं, हा विचार मी सहा वर्षं रोज करतो. मामा आता त्यांच्या गावी असतात. आपल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात कुणाकुणाचे सत्कार झाले. माझ्या हिशेबानं या सोसायटीतलं सगळ्यात मोठं काम त्या माणसानं केलेलं आहे, आणि ते आजवर तीनच माणसांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. गाडी लांब लावली, कुणी बघू नये म्हणून. ही माझी आणखी एक लाज. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. बी-१२ कमी निघालं. इथं एक गोष्ट सगळ्यांनी लिहून घ्या. सतत थकवा, कशातच रस नाही, असं झालं की पहिली पायरी रक्ततपासणीची. थायरॉईड मंदावलं, रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं, जे आपल्या शाकाहारी घरांत बऱ्याचदा असतं, तर माणूस ओढला जातो. कितीतरी बायकांना आपण 'हिला कामाचा कंटाळा' म्हणतो आणि तिचं थायरॉईड कुणी तपासलेलंच नसतं.

पण मुलाचा मुख्य आजार नैराश्य होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "सर, तुम्ही गणिताचे ना? मग सांगा, आधी इच्छा होते आणि मग माणूस काम करतो, की आधी काम करतो आणि मग इच्छा होते?" मी म्हणालो, आधी इच्छा. ते हसले. म्हणाले, "निरोगी माणसात दोन्हीकडून चालतं. आजारी मनात पहिला रस्ता बंद पडलेला असतो. म्हणून आपण दुसऱ्या रस्त्यानं जायचं."

मला तेव्हा आमच्या गावचा हातपंप आठवला. बरेच दिवस बंद पडलेला हातपंप नुसता हापसून पाणी देत नाही. वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं. मग दांडा जड होतो आणि खालचं पाणी वर येतं. ज्याला पाणी हवंय त्यालाच आधी पाणी घालावं लागतं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण पंप तसाच चालतो.

या उपचाराला मानसशास्त्रात नाव आहे. मराठीत आपण 'कृतीतून उभारी' म्हणू. आपल्या शेजारच्या गोव्यात यावर फार चांगलं काम झालंय. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर प्रयोग केला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक समुपदेशक होते. सहा ते आठ भेटी. रुग्णाला रोज करता येईल असं छोटं काम ठरवून द्यायचं, ते झालं का बघायचं, अडलं तर अडचण सोडवायची. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचीच सेवा थोडी सुधारून दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हा अभ्यास छापून आला. म्हणजे ही नुसती माझ्या घरची गोष्ट नाही.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, नांदेडला असते. विद्यार्थ्यांचे डबे करते. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "औषध चालू ठेव, आणि पोरगं माझ्याकडं धाड. आणि लेका, तू दोन महिने त्याला फोन करून अभ्यासाचं विचारू नको." डॉक्टरांना विचारून मी त्याला घेऊन निघालो. अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा मी चहा आणला. त्यानं घेतला नाही. नांदेड येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आक्कानं काय केलं? उपदेश केला नाही. पहिल्या दिवशी मेथीची एक जुडी त्याच्यासमोर ठेवली. म्हणाली, "एवढी निवड." एकच जुडी. त्याला तास लागला. दुसऱ्या दिवशी परत एक. आठवड्यानं म्हणाली, "डब्यांवर नावं लिही, माझं अक्षर पोरांना लागत नाही." मग, "समोरच्या होस्टेलचे चार डबे तेवढे देऊन ये, माझे गुडघे दुखायलेत." गुडघे खरंच दुखत होते की नाही, ते अजून आम्हाला कळलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो सायकलवर अठरा डबे पोचवत होता. आणि डबे देताना त्याला दिसलं की प्रत्येक खोलीत आपल्यासारखं एक पोरगं आहे. कुणी रडतंय, कुणी दिवसभर झोपलंय, कुणी घरी खोटे मार्क सांगतंय. त्याला वाटत होतं, आपण एकटेच नालायक. तो गैरसमज सायकलवर फिटला.

आता याच्या मागचं शास्त्र थोडक्यात सांगतो, घाबरू नका, पेपर नाही घेणार. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी विजेचा धक्का चुकत नाही, असा अनुभव आलेली बरीच कुत्री पुढे पळून जाण्याची वाट असतानाही जागची हलली नाहीत. निष्कर्ष काढला गेला की हतबलता शिकली जाते. हे पुस्तकांत पन्नास वर्षं छापलं गेलं. आणि २०१६ साली याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून लिहिलं की आपलं मूळ म्हणणं उलटं होतं. दीर्घ त्रासात हातपाय गळणं ही प्राण्याची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट : माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं, ही जाणीव.

मला हे फार मोलाचं वाटतं. पन्नास वर्षांनी 'आमचं चुकलं' म्हणणारे संशोधकही, आणि त्यांचं म्हणणंही. एक जुडी निवडून झाली, म्हणजे माझ्या हातानं काहीतरी झालं. चार डबे पोचले, चार पोरं जेवली. आक्का चौथी शिकलेली. पण तिनं नेमकं तेच शिकवलं.

हीच गोष्ट आपल्या जिल्ह्यानं फार मोठ्या प्रमाणावर बघितलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे किल्लारी आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त. दगड-मातीच्या जाड भिंती, माळवदाची जड छपरं, हजारो माणसं झोपेतच गेली. आपली सोसायटी त्यानंतर सात वर्षांनी उभी राहिली. जुन्या सभासदांना आठवत असेल, तळमजल्याचे फ्लॅट आधी संपले होते. वरच्या मजल्यावर झोपायची कुणाची छाती नव्हती.

त्यानंतरच्या पुनर्वसनात एक शिकण्यासारखी गोष्ट झाली. काही गावं पूर्ण नव्या जागी वसवली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत पडझड झालेली घरं लोकांनी सरकारी मदतीतून स्वतः दुरुस्त करायची होती. तिथं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं त्यांना तयार केलं. कालपर्यंत पदर डोक्यावरून न ढळू देणाऱ्या बायका मदतीचे हप्ते कसे मिळतात ते लोकांना समजावू लागल्या, कोपऱ्याचे दगड नीट सांधले का ते बघू लागल्या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. सगळं गमावलेल्या घरांतल्या या बायका. त्यांना 'प्रेरणा घ्या' म्हणून कुणी भाषण दिलं असतं तर काय उपयोग होता? काम दिलं, ते कसं करायचं हे शिकवलं, आणि निर्णयात वाटा दिला. पुढं याच भागात त्यांचे बचत गट उभे राहिले.

आता बक्षिसाबद्दल. आपण पालक काय करतो? "नव्वद टक्के पडले तर मोबाईल." मीही केलंय. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायची त्यातल्या काहींना सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांना ते दिलंही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत तीच मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस कबूल केलं नव्हतं त्यांची आवड टिकली. म्हणजे जिथं आवड होती तिथं आपण मजुरी आणली. याचा अर्थ कौतुक करू नका असा नाही. अचानक दिलेली शाबासकी चालते. आवडीच्या कामाचा सौदा करू नका, एवढंच.

नांदेडचं उदाहरण देतो. मी तिथं शिकलो. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर म्हणजे त्या काळी आम्हा पोरांचं दैवत. त्यांच्यासारखा अभ्यासू माणूस मराठवाड्यानं क्वचितच बघितला. आणि हाच माणूस इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झालेला. काही वर्षं शाळेत शिक्षक होते, मागाहून पदव्या घेतल्या, पुढं कॉलेजात आले आणि प्राचार्य झाले. विचार करा, आजच्या आमच्या मोजपट्टीनं त्या वयात त्यांना काय म्हटलं असतं? त्यांची पुस्तकांची ओढ मार्कांवर उभी नव्हती, म्हणून मार्क गेले तरी ओढ राहिली. माझ्या मुलाची सगळी इमारत मी एकाच खांबावर उभी केली होती. तो खांब हलला आणि सगळं खाली आलं. भूकंपाच्या जिल्ह्यातला माणूस मी, मला एवढं कळायला हवं होतं.

दोन महिन्यांनी मी नांदेडला गेलो. आम्ही दोघं गोदावरीच्या घाटावर फिरायला गेलो. तिथं तो म्हणाला, "बाबा, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. तुम्ही विचारलंच नाही." मी विचारलं, मग काय व्हायचं? म्हणाला, "अजून माहीत नाही. पण माहीत नाही असं म्हणता येतंय, हेच बरं वाटतंय."

पुढं त्यानं सीईटी देऊन कृषी पदवीला प्रवेश घेतला. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी झालं. मध्ये एकदा पुन्हा घसरला, पुन्हा उपचार घेतले. आज तो बियाण्यांच्या कामात आहे. पगार मोठा नाही. गाडी नाही. सकाळी सहाला आपला आपण उठतो, हे मला फार आहे.

एकदा त्यानं मला सोयाबीनची उगवण तपासायला शिकवलं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळायचं, ओल टिकवायची, आठवड्यानं मोजायचे. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. मी विचारलं, न उगवलेल्या दाण्यांचं काय? तो म्हणाला, "बाबा, बी उगवलं नाही तर शेतकरी बियाला आळशी म्हणत नाही. ओल होती का, खोल पडलं का, कवच फुटलं होतं का, ते बघतो. तुम्ही माझ्या वेळी एवढं बघितलं नाही."

माझी पदवी आणि एकतीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यापुढं फिकी आहे.

आता माझी स्वतःची पाळी कशी आली ते ऐका. २०२१ ला मी निवृत्त झालो. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात दाढी करायचं जिवावर यायला लागलं. पेपर वाचून बाजूला ठेवला की दिवस संपल्यासारखा वाटायचा. मंडळी म्हणायची, "अहो, निदान खाली तरी जाऊन या." मी म्हणायचो, खाली कुणाकडं जाऊ? तेव्हा मुलानं गच्चीवर दहा कुंड्या आणून ठेवल्या आणि म्हणाला, "बाबा, सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवायच्या आधी गच्चीवर जायचं. दहा तांबे पाणी. बस." इच्छा असो नसो, चहा झाला की गच्ची. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय. 'मी व्यायाम करीन' असं म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की लगेच तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. आधीच्या सवयीला नवी सवय जोडायची. चहा तर आपला सुटत नाही. मग त्याच्याच शेपटीला गाठ मारायची.

आज त्या दहाच्या साठ कुंड्या झाल्यात आणि तुम्ही सगळे कढीपत्ता फुकट नेता.

तीच गच्ची, हे लक्षात घ्या. तीच टाकी.

आता सोसायटीकडं परत येतो. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा वाघिण्या, पाच लाख लिटर पाणी. देशभर फोटो छापून आले. आणि आपल्या सोसायटीत छताचं पाणी बोअरला सोडायचा ठराव त्याआधी तीनदा मंजूर होऊन फायलीत पडलेला होता. तीनदा! कुणाचाच विरोध नव्हता. सगळ्यांना पटलेलं होतं. पटणं आणि करणं यात केवढं अंतर असतं बघा.

ते हललं कशानं? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून जिना पुसायला द्यायला सुरुवात केली. सभा नाही, ठराव नाही. पंधरा दिवसांत अकरा घरांच्या दारात बादल्या आल्या. मग कुणीतरी म्हणालं, बादली भरतेय तर पाईप का नको? जूनच्या आत पाईप बसला. मोठं काम अवघड वाटत होतं तोवर कुणी हात लावला नाही. बादली दिसली, आणि बादलीनं काम होतंय हे दिसलं, तेव्हा हात आले. सभेला लोक का येत नाहीत याचं उत्तर मला इथंच दिसतं. आपल्या येण्यानं काही बदलतं असं त्यांना दिसत नाही. पुढच्या सभेत निदान एक तरी विषय असा ठेवा की ज्याचा निर्णय आलेल्या माणसांनीच घ्यायचा आणि आठ दिवसांत तो जमिनीवर दिसायचा. मग गणपूर्तीचं बघू.

शेवटी चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. वेळ झालीय, मसालेभाताचा वास मलाही येतोय.

पहिली. घरातलं कुणी उठत नसेल, मन लागत नाही म्हणत असेल, तर 'आळशी' हा शब्द गिळा. झोप, जेवण, रक्त, मन, चारही तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील तर डॉक्टरांकडं जा. गाडी लांब लावू नका.

दुसरी. काम लहान करा. इतकं लहान, की नाही म्हणायला लाज वाटावी. मेथीची एक जुडी. एक गणित. दहा तांबे पाणी.

तिसरी. ज्याचं काम, त्याला विचारा. मी फी भरली, पण विचारलं नाही. या परिसरात भाड्यानं राहणारी, अभ्यासाला आलेली पन्नासेक पोरं आहेत. आई-बाप दूर गावी. जिन्यात भेटली की आपण विचारतो, "टेस्टला किती पडले?" त्याऐवजी "जेवलास का?" एवढं विचारा. आणि गच्चीला कुलूप वेळेवर लागतंय का, हे यापुढं एकट्या वॉचमनचं काम राहू नये.

चौथी. ज्याला काहीच नको वाटतंय, जगणंसुद्धा, त्यानं एकट्यानं रात्र काढू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, १४४१६ हा नंबर. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर आपण लिफ्टमध्ये लावणार आहोत, आजच सचिवांशी बोलून ठेवलंय. पोरांनो, मोबाईल हातात आहेच, आत्ताच सेव्ह करा. आणि नंबर नाही लागला तर तिसरा मजला, उजवीकडचं दार. रात्रीचे पावणेदोन वाजले तरी बेल वाजवा. आमच्याकडं त्या वेळेला दार उघडायची सवय आहे.

मुलाला कबूल केलं होतं, रडणार नाही म्हणून. तेवढं आता माझ्यानं होईना गेलंय. क्षमा करा, आणि जेवायला चला.